सात वर्षं प्लास्टिकखाली

मे महिन्यातला पहिला रविवार, सकाळी साडेनऊ. रक्कम बत्तीस हजार रुपये. हजर होतो मी, माझी पत्नी आणि शेजारचे निवृत्त तलाठी. तलाठ्यांना आम्ही बोलावलं नव्हतं. पण आमच्या कॉलनीत कुणाच्याही दारात दोन माणसं वाकून काही बघायला लागली की तिसरे ते असतात.

बत्तीस हजार ही आमच्या गाडीच्या लेदर सीटची किंमत. गाडीची किंमत वेगळी. सात वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने दोन आकडे सांगितले होते, कापडी सीटचा एक आणि लेदर सीटचा एक. मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे वजाबाकी तिथल्या तिथे झाली. नुसत्या बसण्यावर एवढे पैसे घालणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच माणूस. ते घातले, आणि त्या क्षणापासून त्या सीटवर कुणी बसू नये याची व्यवस्था केली.

नवी गाडी येते तेव्हा सीटवर पातळ प्लास्टिक चढवलेलं असतं. "काढून देऊ का?" असं शोरूमवाल्याने चावी देताना विचारलं. "राहू द्या," मी म्हणालो. त्याला आश्चर्य वाटलं नाही. प्लास्टिक काढून घेणारं गिऱ्हाईक त्याने बहुधा पाहिलंच नसावं.

पुढे प्लास्टिक फाटेल म्हणून त्याच्यावर टॉवेलच्या कापडाची कव्हरं शिवून घेतली. कव्हरं मळतील म्हणून त्यांच्यावर जुनी चादर आली. म्हणजे आमच्या गाडीत बसणारा माणूस लेदरपासून साधारण पाऊण इंच वर बसायचा. उन्हाळ्यात प्लास्टिक तापायचं, पाठी भिजायच्या, आणि वळणावर सगळं कुटुंब चादरीसकट एका बाजूला सरकायचं. पाहुणे विचारत, "लेदर सीट आहे म्हणे?"

"आहे."

"कुठंय?"

"खाली."

या सगळ्याला घरात विरोध होता. पत्नीचं म्हणणं, लेदरला घाम येत नाही, आपल्याला येतो, तेव्हा प्लास्टिक आपण अंगात घालावं. मुलगी तर कॉलेजच्या मैत्रिणींना गाडीत बसवायचं टाळायची. फक्त एकाच व्यक्तीचा मला पाठिंबा होता. माझी धाकटी बहीण, पाथर्डी तालुक्यात तिसगावला दिलेली. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ती हळूच विचारायची, "दादा, प्लास्टिक हाय ना रं अजून?"

"आहे."

"काढू नगंस हं."

वस्तूची किंमत कळणारं आमच्या घरात एकच माणूस आहे आणि ते लग्न करून गेलं, असं मला दर भाऊबीजेला वाटायचं.

या बहिणीच्या मुलाचं लग्न ठरलं. लग्न तिसगावलाच, आणि मारुतीच्या देवळात नारळ फोडून नवरदेव मिरवत मंगल कार्यालयात जाणार. घोडा आता कुणी आणत नाही, गाडी आणतात. आणि ती गाडी मामाची असते. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या थोरल्या जावेच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा त्याच्या मामाने पुण्याहून एक लांबलचक गाडी भाड्याने आणली होती. तिचं छप्पर उघडायचं. नवरदेव छपरातून कमरेइतका बाहेर निघून हात जोडत गेला. थोरल्या जाऊबाई ते छप्पर अजून उघडून दाखवत असतात.

बहीण फोनवर म्हणाली, "त्या दिवशी माझ्या माह्यारचं तेवढंच दिसनार हाय, दादा. बाकी समदं त्यांच्या घरचं. मांडव त्यांचा, आचारी त्यांचा, घोंगडं-जाजम त्यांचं. तुझी गाडी तेवढी माझी. मी गावात शब्द दिऊन बसलेय."

मी म्हणालो, काळजी करू नकोस.

त्यात भाच्याने कळवलं की व्हिडिओवाला गाडीच्या आतूनही शूटिंग करणार आहे, तेव्हा सीटवर चादर-बिदर नको. मग मी ठरवलं की हीच वेळ. सात वर्षं जपलेलं लेदर सख्ख्या बहिणीसाठी नाही उघडायचं तर कुणासाठी? पत्नीला सांगितलं, रविवारी सकाळी प्लास्टिक काढू. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शेजारणीला फोन करून सांगितलं. तलाठी आले ते बहुधा तिथून.

चादर काढली. टॉवेल काढले. पुढच्या दोन सीटचं प्लास्टिक सालपटासारखं निघालं आणि खालून नवंकोरं फिकट रंगाचं लेदर दिसलं. मला भरून आलं. तलाठी म्हणाले, "वा! वारसाहक्काने मुलीला जाईल."

मागच्या सीटचं प्लास्टिक मात्र मधोमध चिकटलेलं होतं. कारण पत्नीला आधी आठवलं. चार वर्षांपूर्वी आम्ही कोल्हारकडून येताना एका गुऱ्हाळावरून दहा किलोची गुळाची ढेप घेतली आणि मागच्या सीटवर ठेवली. वाटेत एका लग्नात जेवायला थांबलो, गाडी उन्हात राहिली, गूळ पाघळला. घरी आल्यावर मी स्वतः चादर धुतली, टॉवेल धुतले, प्लास्टिक ओल्या फडक्याने तीनदा पुसलं आणि म्हणालो, बघ, प्लास्टिक नसतं तर! प्लास्टिकच्या शिवणीतून गूळ खाली उतरला असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. खाली उतरलेल्या गोष्टीचा हिशेब वरून लागत नाही.

"कोमट पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवू," पत्नी म्हणाली.

"लेदरला पाणी लागू द्यायचं नाही," मी म्हणालो. "तू तिकडून धर, मी इकडून ओढतो."

"मी धरणार नाही."

तिने धरलं नाही, म्हणून तलाठ्यांनी धरलं. आम्ही ओढलं. पापड मोडल्यासारखा आवाज झाला. प्लास्टिक निघालं, आणि त्याला चिकटून लेदरचा वरचा पापुद्राही निघाला, आणि मधल्या पट्टीत वीतभर लांबीची भेग पडून आतला पिवळा फोम वर आला. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला वाळलेल्या मुंग्या होत्या. इतक्या, की त्यांचं तिथे गावठाण असावं.

मग तलाठी हात झटकत म्हणाले, "पंचनामा करायचा का?"

पत्नी मुंग्यांकडे बघत होती. "म्हणजे बसलं कुणीतरी लेदरवर," ती म्हणाली. "पैसे अगदीच वाया गेले नाहीत."

लग्न शुक्रवारी होतं. गुरुवारी हळद. बहिणीचा शब्द गावात गेलेला होता आणि शब्दाच्या मधोमध भेग पडली होती. तिला फोन करून सांगायचं का, यावर आमचं दुपारभर बोलणं झालं. पत्नीचं मत सांगावं. माझं मत, दुरुस्त होऊ शकणाऱ्या गोष्टीसाठी लग्नघरात घोर कशाला. मी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं सीटकव्हरवाल्यांच्या रस्त्यावर गेलो. तिथे ओळीने दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानाबाहेर एखादी सीट उघडी पडलेली असते, त्यामुळे आपल्यासारखे आणखी आहेत एवढा धीर येतो. आम्ही गेलो तो दुकानदार चष्मा कपाळावर चढवून, दोन मोबाईल दोन खिशांत घालून उभा होता. त्याने मागचं दार उघडलं, भेगेत दोन बोटं घातली आणि विचारलं, "कुणी फाडलं?"

"फाटलं."

"मालक, आपोआप कापड फाटतं. लेदर फाडावं लागतं. प्लास्टिकात किती दिवस होतं?"

"सात वर्षं."

त्याने शेजारच्या दुकानाकडे बघून हाक दिली, "ए, ये रे इकडं! सातवाला आलाय!"

शेजारचा तिथूनच म्हणाला, "परवा माझ्याकडं नऊवाला येऊन गेला."

म्हणजे नगर शहरात आपला पहिला नंबरसुद्धा नाही. खोटं कशाला सांगू, जरा वाईट वाटलं.

"आता कसं आहे मालक," दुकानदार म्हणाला, "टाका मारला तर ऑपरेशन झाल्यासारखं दिसणार. डिंक भरून रंग दिला तर वरातीत नवरदेव उठेपर्यंत त्याच्या पँटीला येणार. आपण अख्खी मागची सीट नवी करू. चौदा हजार. दहा वर्षं बघायला नको."

पत्नी म्हणाली, "फाटलंय केवढं?"

"वीतभर."

"मग वीतभराचे सांगा."

"ताई, असं वीतभराचं होत नसतं."

"डॉक्टर गुडघ्याचं ऑपरेशन करतात तेव्हा अख्ख्या माणसाचे पैसे घेतात का?"

"हल्ली घेतात," तो म्हणाला. पण हसला, आणि चष्मा डोळ्यांवर आला. मग कळलं की दोन शिवणींच्या मधली तेवढी पट्टी काढून नवी बसवता येते. त्याने साडेचार हजार सांगितले. पत्नी गाडीत जाऊन बसली. चार झाले. तिने दार लावून घेतलं. शेवटी बत्तीसशे ठरले. बत्तीस हजारांच्या सीटची बत्तीसशेची दुरुस्ती, म्हणजे बरोबर दहा टक्के. हिशेब सुटसुटीत आल्यावर मला कुठलाही खर्च थोडा सोसतो.

पुढे रंगाचा प्रश्न आला. आमच्या सीटच्या रंगाला कंपनीचं जे नाव होतं ते त्या दुकानात चालत नव्हतं. तिथे नमुन्यांचा एक जुडगा होता आणि रंगांची नावं सगळी खाण्याची. बिस्किट, बदाम, खवा, चहा, कमी दुधाचा चहा. आमची सीट बिस्किट आणि खवा यांच्या मध्ये कुठेतरी पडत होती.

"बदाम घ्या," तो म्हणाला.

"बदाम उजळ वाटतो."

"आज वाटतो. दोन वर्षांत मळून बरोबर मॅच होईल."

"लग्न शुक्रवारी आहे."

"मालक, लोक नवरदेवाकडं बघतात. त्याच्या बुडाखाली कोण बघतंय? बरोबर पट्टीवर बसवा त्याला, विषय संपला."

बुधवारी संध्याकाळी देतो म्हणाला होता, गुरुवारी सकाळी अकराला दिली. काम सफाईदार होतं, शिवण सरळ होती. फक्त मधली पट्टी आजूबाजूच्यापेक्षा दोन छटा उजळ, त्यामुळे सीटने मधोमध भांग पाडल्यासारखं दिसत होतं. मी पट्टी मोजली. अकरा इंच रुंद. भाचा अंगाने भरलेला आहे. बसेल.

दुपारी आम्ही तिसगावला निघालो. पत्नी नेहमी माझ्या शेजारी बसते, त्या दिवशी ती मागे बसली. मी आरशातून विचारलं, "कसं वाटतंय?"

"सीटसारखं," ती म्हणाली. पण करंजीचा घाट ओलांडला तोवर तिला झोप लागली होती. सात वर्षांत ती या गाडीत पहिल्यांदा झोपली. नाहीतर प्लास्टिकच्या आवाजाने तिला डोळा लागत नसे.

तिसगावात बहिणीच्या दारात मांडव पडलेला होता. ती हळदीच्या ताटाची तयारी करत होती, तशीच पळत आली. आधी मला बघून हसली, मग वहिनीला बघून हसली, मग तिने मागचं दार उघडून आत पाहिलं. आणि तिचा चेहरा उतरला. पट्टी दिसली, असं मला वाटलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली,

"प्लास्टिक कुठंय?"

"काढलं. तुझ्यासाठीच काढलं."

"माझ्यासाठी?" ती एवढ्या हळू आवाजात ओरडली की मला माणूस असंही ओरडू शकतं हे पहिल्यांदाच कळलं. "सात वरीस तुला सांगतेय, दादा, काढू नगं, काढू नगं. आन् नेमकं आज काढून आलास?"

"अगं, पण आता लेदर दिसतंय."

"लेदर घालायचंय काय मला! वयनी, तुमी तरी सांगायचं न्हाई का ह्याला?"

"मी सात वर्षं काढा म्हणून सांगत होते," पत्नी म्हणाली. "त्या अर्थाने काढलं ते माझंच ऐकून."

मग बहिणीने आम्हाला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि जे सांगितलं ते मला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही गाडी घेतली त्या वर्षीच संक्रांतीच्या हळदीकुंकवात थोरल्या जाऊबाई चार बायकांत बोलल्या होत्या, की हिचा भाऊ पतसंस्थेत हाय, आणि पतसंस्थेची मानसं हप्ता थकला की लोकांच्या दारातून गाड्या ओढून आनत्यात. त्यातलीच एक ह्यानं स्वस्तात ठिवून घेतली आसंल.

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. पंचवीस वर्षांत पतसंस्थेचं एक पेन मी घरी नेलेलं नाही.

"म्हनून मी सांगितलं," बहीण म्हणाली, "की गाडी कोरी हाय, अजून शिटाचं प्लास्टिक सुदिक काढलं न्हाई. तवापासून दर सणाला त्या इचारत्यात, काढलं का वं प्लास्टिक? मी म्हनते, न्हाई. आता उद्या मारुतीपुढं गाडी उभी ऱ्हाईल, आन् आत पघत्यात तर काय? उघडी शीट, मधी ठिगाळ! सात वरीस मी खोटं बोलत हुते, असंच झालं की."

म्हणजे तिला ठिगळही दिसलं होतं.

"माझ्याकडे सगळ्या पावत्या आहेत," मी म्हणालो. "शोरूमची, विम्याची, रस्ता कराची. फाइल लावलेली आहे. आत्ता जाऊन घेऊन येतो. संध्याकाळपर्यंत परत."

"मग नवरदेवाच्या हातात नारळाऐवजी फाईल देऊ का?"

पत्नी म्हणाली, "प्लास्टिकच पाहिजे ना? मग आणू या."

ती आणि मी बाजारपेठेत गेलो. टेबलावर घालायचं जाड पारदर्शक प्लास्टिक एका भांड्यांच्या दुकानात मीटरवर मिळतं. पंच्याऐंशी रुपये मीटर. चार मीटर घेतलं. सात वर्षं जे फुकट होतं ते मी पैसे देऊन विकत घेतोय, हे मोजणाऱ्या दुकानदाराला माहीत नव्हतं, मला होतं.

आता ते सीटच्या मापाने शिवायला हवं होतं. नुसतं अंथरलं असतं तर ताडपत्री टाकल्यासारखं दिसलं असतं. हळदीला दोन तास उरले होते. गावातला शिंपी लग्नसराईत दार उघडत नव्हता. शिलाई मशीन जवळपास एकच होतं आणि त्याच्यावर सगळ्या आळीचे ब्लाऊज शिवले जात. ते मशीन थोरल्या जाऊबाईंचं.

"मेले तरी त्यांच्या दारात जायाची न्हाई," बहीण म्हणाली.

"तुम्ही नका जाऊ," पत्नी म्हणाली आणि प्लास्टिकची गुंडाळी काखेत मारून गेली. मी मागे गेलो.

थोरल्या जाऊबाई ओट्यावर बसून केळीची पानं पुसत होत्या. साठीच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पत्नी सरळ म्हणाली, "ताई, गाडीच्या सीटला हे शिवायचंय. तासाभरात होईल का?"

त्यांनी गुंडाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आधी माप तर पघू द्या. मापाबिगर मी झबलं सुदिक शिवत न्हाई."

त्या गाडीशी आल्या. बहीण मांडवाच्या खांबाआड उभी होती, मला दिसत होती. जाऊबाई मागच्या सीटवर चढून बसल्या, वितीने लांबी घेतली, रुंदी घेतली. मग त्यांचा हात मधल्या पट्टीवर थांबला. शिवणीवरून त्यांनी नख फिरवलं.

"पाव्हणं, ही पट्टी मागनं बसीवलीय."

"हो."

"मंग प्लास्टिक काढलंच हुतं तुमी."

"रविवारी काढलं."

"आन् आदी?"

आता काही लपवण्यासारखं राहिलं नव्हतं, आणि मला लपवता येतही नाही. मी सगळं सांगितलं. बत्तीस हजार सांगितले, टॉवेल सांगितले, चादर सांगितली. कोल्हारचा गूळ, मुंग्या, तलाठी, बत्तीसशे. शेवटी म्हणालो, "गाडी कुणाच्या दारातून ओढून आणलेली नाही. मी घेतलेली आहे. पावत्या घरी आहेत."

त्या गाडीतच बसून ऐकत होत्या. गुळाशी आल्या तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. मुंग्यांशी आल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं ठसका लागला. पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"पावत्या कशाला वं?" त्या म्हणाल्या. "लोकाची गाडी वढून आनलेला मानूस दुसऱ्याच दिशी प्लास्टिक फाडून फेकतो. सात वरीस घामानं भिजत त्याच्यावर बसायचं, म्हंजी पैसा सोताचाच पायजे. सोताच्या पैशाबिगर मानूस येवढा येडा व्हत न्हाई."

माझ्या प्रामाणिकपणाचं इतकं खणखणीत प्रमाणपत्र मला पतसंस्थेनेही दिलेलं नाही. ते कुठे लावावं, हा प्रश्न आहे.

मग त्यांचा आवाज बदलला. खांबाकडे न बघताच त्या म्हणाल्या, "खांबाआड काय उभ्या ऱ्हायल्यात, जाऊबाई? या की म्होरं. धरा हे टोक. मला येकटीला ह्ये गुळगुळीत कापड आवरायचं न्हाई."

बहीण आली. दोघींनी मिळून मशीनवर प्लास्टिक चढवलं. एक धरत होती, एक पायडल मारत होती, आणि दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या. मध्येच थोरल्या म्हणाल्या, "सुईला त्याल लावा थोडं, चिकटतंय." बहिणीने लावलं. मग थोड्या वेळाने बहीण म्हणाली, "त्यो पुन्याच्या गाडीचा डायवर किती पैसं जास्त मागत हुता वं त्या दिशी?"

"चार हजार," थोरल्या म्हणाल्या. "मारुतीपुढंच अडून बसला, दिल्याबिगर गाडी हलवना. भाऊ रडकुंडीला आल्ता माझा. कुनाला सांगितलं न्हाई मी."

"मला ठावं हुतं," बहीण म्हणाली.

"मंग बोलल्या न्हाईत कवा?"

तेलाची कुपी बहिणीच्या हातात होती, तिने पुन्हा सुईला तेल लावलं. लावायची गरज नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी मारुतीपुढे उभी राहिली. झेंडूच्या माळा, समोर बँड, वर व्हिडिओवाल्याचा ड्रोन. भाचा मागे बरोबर मधल्या पट्टीवर बसला. बसताना प्लास्टिक एवढं कुरकुरलं की बँडच्या दोन गाण्यांमधल्या शांततेत ते देवळापर्यंत ऐकू गेलं. बायका काचेला नाक लावून आत बघत होत्या. बहीण दाराशी उभी होती, पांढऱ्याफटक चेहऱ्याने.

त्यातली एक म्हणाली, "आगं बया, प्लास्टिक हाय की अजून!"

दुसरी म्हणाली, "सात वरसांनी? आसं कुठं आस्तंय व्हय? घातलं आसंल नवीन."

बहिणीने पदर घट्ट धरला. तेव्हा थोरल्या जाऊबाई पुढे झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नवीनच हाय. मीच घातलंय. पोराच्या अंगाला हळद हाय, भारी कातडं हाय पाव्हण्याचं, डाग पडलं तर निघायचं न्हाईत. आदीचं काढून ह्ये जाड घालाया मीच लावलं. गाडी पार कोरी हाय त्यांची. मी आत बसून पघून आलेय."

यात एक शब्दही खोटा नव्हता असं म्हणता येणार नाही. पण मी हिशेब तपासणारा माणूस आहे, आणि जुळलेल्या बेरजेत मी पुन्हा बोट घालत नाही.

मिरवणूक कार्यालयापर्यंत गेली. मी गाडी चालवत होतो. प्रत्येक ब्रेकला नवरदेव प्लास्टिकवरून चार बोटं पुढे सरकायचा आणि पट्टीचा मागचा भाग उघडा पडायचा. मग मी ब्रेक लावायचाच सोडून दिला आणि सगळी मिरवणूक पहिल्या गिअरमध्ये नेली. उतरल्यावर भाच्याच्या शेरवानीची पाठ घामाने ओली होती. "मामा," तो म्हणाला, "लेदर सीट फार गरम असते हो."

"असते," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी निघताना बहिणीने गाडीत डोकावून पाहिलं आणि काही न सांगता दार लावून घेतलं. ते प्लास्टिक अजून आहे. पत्नीने दोनदा काढा म्हणून सांगितलं. पण काढलं की ते थोरल्या जाऊबाईंनी शिवलेलं आहे, ही गोष्ट कुठे ठेवायची ते मला सुचत नाही.

निघण्याआधी मी त्यांच्या ओट्यावर गेलो होतो. पैसे विचारले तर त्या नाही म्हणतील आणि पत्नीने त्यांची ओटी भरली की विषय मिटेल, असा माझा अंदाज होता. त्यांनी ओटी भरून घेतली आणि मग म्हणाल्या, "ब्लाऊजचं दीडशे घेते. ह्याला अस्तर न्हाई, हुक न्हाई. शंबर द्या. फुकट शिवलं तर उद्या जाऊबाई म्हनत्याल, माझ्या भावावर उपकार केलं. नगं ती भानगड."

सीटचे बत्तीस हजार शोरूमला गेले होते. पट्टीचे बत्तीसशे सीटकव्हरवाल्याला आणि प्लास्टिकचे तीनशे चाळीस भांड्यांच्या दुकानाला गेले. शेवटचे शंभर रुपये थोरल्या जाऊबाईंना दिले, रोख. पावती मागितली नाही.